वॉटर्लूला निघालेल्या नाशिककराला : "तिकडे जाऊन आपण आपले राहू का?"

तुमचा प्रश्न नीट वाचला. घरभाडं, थंडीचे बूट, गाडीचा विमा, पहिली नोकरी याबद्दल तुम्हाला बरेच जण सांगतील आणि बहुतेक बरोबरच सांगतील. तुम्ही विचारलंय ते विमानात बसण्याआधी फारसं कुणी विचारत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी तुमची हकीकत थोडक्यात अशी. इंदिरानगरला घर, अंबडच्या एमआयडीसीत नोकरी, बायको शिक्षिका, मुलगी दुसरीत. कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी, आलंय आणि ऑन्टॅरिओ प्रांतातल्या किचनर-वॉटर्लू या जोडशहरांत यायचं ठरलंय. गेल्या दिवाळीत तुमचा मावसभाऊ टोरंटोहून आला होता. घरात तो तुमचा जुना भाऊ होता, पण ऑफिसचा फोन आला की आवाज, हसणं, उभं राहणंसुद्धा बदलायचं. ते पाहून तुमच्या आई म्हणाल्या, "हा ना इकडचा राहिला, ना तिकडचा झाला." तेव्हापासून तुमच्या मनात घोळतंय की आपलंही असंच होईल का, मुलगी गोंधळेल का, घरात मराठी बोलायचं की इंग्रजी, आणि कुणी "तुम्ही इथले नाही" असं सुचवलं तर काय करायचं.

मी गंगापूर रोडची. बरीच वर्षं वॉटर्लूला आहे आणि नव्याने आलेल्या कुटुंबांना नोकरी, शाळा, कागदपत्रं यांत मदत करणाऱ्या एका संस्थेत काम करते. याच प्रश्नावर मानसशास्त्रात पुष्कळ काम झालंय. कामाच्या निमित्ताने ते वाचलं आणि रोज समोर बसणाऱ्या माणसांशी ताडून पाहिलं. तुम्हाला जे सांगतेय ते त्या दोन्हींतून आलेलं आहे.

आधी तुमच्या मावसभावाबद्दल, कारण त्याच्यावर अन्याय होतोय असं मला वाटतं. तो नाटक करत नव्हता. दोन समाजांत मुरलेल्या माणसाकडे जग समजून घ्यायच्या दोन रीती असतात. समोर कोण आहे, कानावर कुठली भाषा पडतेय, भोवती काय दिसतंय, यावर त्यातली एक पुढे येते. हे ठरवून होत नाही आणि बहुतेक वेळा माणसाला कळतही नाही.

याचा एक सुंदर प्रयोग आहे. यिंग-यी हाँग, मायकेल मॉरिस, ची-यू चिउ आणि वेरोनिका बेनेट-मार्टिनेझ यांनी तो 2000 साली मांडला. हाँगकाँगची विद्यार्थी मंडळी चिनी घरांत वाढलेली, पण इंग्रजी शिक्षणाने पाश्चात्त्य विचारही अंगवळणी पडलेली. त्यांतल्या काहींना आधी सुपरमॅनसारखी अमेरिकेची आठवण करून देणारी चित्रं दाखवली, तर काहींना ड्रॅगनसारखी चिनी. मग सगळ्यांना एकच चित्र दाखवलं. एक मासा पुढे पोहतोय आणि बाकीचे मासे त्याच्या मागे आहेत. हा पुढे का? अमेरिकी चित्रं पाहिलेल्यांचा कल माशाच्या स्वतःच्या मर्जीकडे जास्त गेला, म्हणजे तो बाकीच्यांना वाट दाखवतोय. चिनी चित्रं पाहिलेल्यांचा कल त्याच्यावर येणाऱ्या दबावाकडे गेला, म्हणजे बाकीचे त्याच्या मागे लागलेत. दोन्ही उत्तरं त्याच मुलांच्या मनात आधीपासून होती. कुठलं आधी ओठांवर यावं, एवढंच त्या चित्रांनी ठरवलं.

त्याच्याही आधी, 1960 च्या दशकात, सुझन एर्विन-ट्रिप यांनी अमेरिकन सैनिकांशी लग्न करून सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहिलेल्या जपानी बायकांना अर्धवट वाक्यं पूर्ण करायला दिली होती. "माझी इच्छा आणि घरच्यांची इच्छा यांत विरोध आला तर..." हे वाक्य एका बाईने जपानीत "तो फार दुःखाचा काळ असतो" असं पुरं केलं. तेच वाक्य इंग्रजीत दिल्यावर तिचं उत्तर होतं, "मला हवं ते मी करते." यातलं खरं कुठलं, असं विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही तिचीच उत्तरं होती.

माझंच सांगते. ऑगस्टमध्ये गोदेला पाणी चढलं की आमच्या घरच्या ग्रुपवर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे फोटो यायला लागतात. पाणी कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं, अशा बातम्या दिवसभर सुरू असतात. त्या दिवशी मी वॉटर्लूच्या ऑफिसात बसलेली असते, पण समोरच्या माणसाशी वागणं बदललेलं असतं. "घरी कोण कोण आहे? आईवडील बरे आहेत ना?" हे मी कामाच्या प्रश्नाआधी विचारते. एरवी मी थेट कागदांवर येते, कारण इथे तीच रीत आहे आणि लोकांना ती सोयीची वाटते. यात माझं काही हरवतं असं मला वाटत नाही. तुमच्या मावसभावाचंही हरवलेलं नाही. आईंना एवढंच सांगा की ऑफिसचा फोन ठेवल्यावर तो पुन्हा त्यांच्या पानावर येऊन बसला ना, तेवढं बघा.

आता जास्त महत्त्वाच्या भागाकडे येते. कुणी एक ओळख पुढे केली की प्रत्येक माणूस त्या ओळखीसारखाच वागेल असं नसतं. काही जण नेमके उलटे वागतात. 1980 साली कुओ-शू यांग आणि मायकेल बाँड यांनी हाँगकाँगमध्ये एक प्रश्नावली काहींना चिनीत तर काहींना इंग्रजीत दिली. इंग्रजीतून उत्तरं देणारे जास्त इंग्रजाळलेले वागतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात इंग्रजीत लिहिणाऱ्यांची उत्तरं जास्त चिनी निघाली. समोर परकी भाषा आली आणि आतून "मी चिनी आहे" हे जोराने वर आलं.

हे कुणाच्या बाबतीत होतं, याचा माग बेनेट-मार्टिनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये काढला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, पहिल्या पिढीतल्या चिनी माणसांना त्यांनी तो माशाचाच प्रश्न विचारला. फक्त आधी हे पाहून घेतलं की या माणसाला स्वतःतला चिनी आणि स्वतःतला अमेरिकन एकमेकांशी जुळणारे वाटतात की एकमेकांविरुद्ध उभे असलेले वाटतात. ज्यांना ते जुळणारे वाटत होते ते चित्रांच्या बाजूने गेले : अमेरिकी चित्रं पाहून अमेरिकी ढंगाचं उत्तर, चिनी पाहून चिनी ढंगाचं. ज्यांना आतून ओढाताण वाटत होती त्यांची गाडी उलट दिशेला गेली. अमेरिकी चित्रं पाहून ते जास्त चिनी झाले आणि चिनी चित्रं पाहून जास्त अमेरिकी.

हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे कितीतरी चेहरे आठवले. मंडळाच्या गणपतीत आरती अर्धा तास उशिरा सुरू झाली म्हणून "आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही" असं म्हणत चिडणारा माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्टीत कॅनडाच्या जेवणापासून दवाखान्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीला नावं ठेवतो. मराठी माणसांत तो कॅनेडियन असतो आणि कॅनेडियन माणसांत कट्टर मराठी. त्याला कुठेच निवांत बसता येत नाही, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या आईंना जी भीती वाटतेय ती खरं तर या माणसाची आहे. बदलणाऱ्या आवाजाची भीती बाळगायचं कारण नाही.

2006 च्या एका अभ्यासात यात आणखी एक पदर दिसला. आठवण चांगल्या गोष्टीची करून दिली की वाईट गोष्टीची, यानेही फरक पडतो. दोन्ही ओळखी जुळलेली माणसं चांगल्या आठवणीबरोबर जातात, पण वाईट गोष्ट समोर आली की त्या ओळखीपासून बाजूला होतात. ओढाताण असणाऱ्यांचं याच्या बरोबर उलट होतं. असे प्रयोग बहुधा थोड्या विद्यार्थ्यांवर केलेले असतात, म्हणून त्यांतून दिशा तेवढी घ्यावी, तुमचं भविष्य वाचू नये. पण मला रोज जे दिसतं त्याच्याशी ही दिशा जुळते.

मग ही ओढाताण येते कुठून? काही अंशी स्वभावातून येते. पण 2005 च्या अभ्यासात हेही दिसलं की ज्यांना भेदभाव सोसावा लागला, ज्यांचे दुसऱ्या समाजाच्या माणसांशी संबंध ताणलेले होते, त्यांना आपल्या दोन ओळखी भांडतात असं जास्त वाटत होतं. म्हणजे माणूस ती ओढाताण सगळी जन्मापासून घेऊन येत नाही. बरीचशी भोवतालचे लोक "तू आधी कोण ते सांग" म्हणून विचारत राहतात त्यातून तयार होते. असं विचारणारे दोन्ही देशांत असतात, हे लक्षात ठेवा. इथे सहकारी असतात, तिथे आत्या-मामा असतात.

तुम्ही ज्या गावात येताय त्या गावावरही असा प्रसंग येऊन गेलाय. किचनरचं जुनं नाव बर्लिन. जर्मन भाषकांनी वसवलेलं आणि भरभराटीला आणलेलं हे गाव. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इथल्या लोकांची जर्मन ओळख एकदम सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. 1914 मध्ये व्हिक्टोरिया पार्कमधला कैसर विल्हेल्मचा पुतळा तळ्यात फेकून दिला गेला. 1916 मध्ये मतदान होऊन थोडक्या मतांनी बर्लिन हे नाव रद्द झालं आणि गावाला ब्रिटिश सेनानी किचनर यांचं नाव मिळालं. पिढ्यान्‌पिढ्या कॅनडात राहिलेल्या, घरात जर्मन बोलणाऱ्या माणसांना "एक काय ते निवडा" असं सांगितलं गेलं. आज त्याच गावात 1969 पासून दर वर्षी ऑक्टोबरफेस्ट होतो आणि सगळं गाव त्यात नाचतं. इथे आलात की त्या पार्कात मुलीला घेऊन जा. तळं अजून तिथेच आहे.

आता "तुम्ही इथले नाही" या प्रश्नाकडे येते. एखादी ओळख पुढे करणं ही एक गोष्ट, आणि तुमची एक ओळख नाकारणं ही दुसरी. दुसरी जास्त लागते. सप्ना चेरियन आणि बेनोआ मोनँ यांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांबाबत हे दाखवलं. कुणी त्यांच्या अमेरिकनपणावर शंका घेतली की ते अमेरिकन संस्कृतीची आपल्याला किती माहिती आहे, ते सिद्ध करायला लागतात. पुढे 2011 मध्ये चेरियन यांच्याच गटाने आणखी मजबूत पुरावा दिला. प्रयोगाआधी नुसतं "तुम्हाला इंग्रजी येतं ना?" असं विचारलं, आणि नंतर आवडता पदार्थ लिहायला सांगितला. प्रश्न विचारलेल्या आशियाई वंशाच्या मंडळींनी अमेरिकन पदार्थ कितीतरी जास्त प्रमाणात लिहिले. "या अभ्यासासाठी अमेरिकन असावं लागतं" असं ऐकवलेल्यांनी खायला जे मागवलं त्यात सरासरी 182 कॅलरी जास्त होत्या. मीही इथलाच, हे दाखवायला माणूस ताटातलं अन्नसुद्धा बदलतो. गोऱ्या अमेरिकनांवर त्या प्रश्नाचा असा काही परिणाम झाला नाही, कारण त्यांच्या इथलेपणाला त्याने धक्का लागत नव्हता.

माझ्या दिरांची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने. त्यांच्या ऑफिसात एका चांगल्या स्वभावाच्या बाईने कौतुकाने म्हटलं, "तुमचं इंग्रजी किती छान आहे!" दीर नाशिकमध्ये इंग्रजी माध्यमात शिकलेले, इथे येऊन कितीतरी वर्षं झालेली. त्यानंतर बरेच दिवस घरात हॉकीशिवाय दुसरा विषय नव्हता. कुठल्या संघाने किती गोल केले, कोण जखमी झालं, हे जेवताना ऐकावं लागायचं. पूर्वी ते हॉकी बघतही नव्हते. पुढच्या वर्षी रंगपंचमीला ते नाशिकला गेले. शनी चौकात रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदापाशी, गर्दीत उभे होते. ओळखीतलं कुणीतरी हसत म्हणालं, "साहेब, तुम्ही बाजूला उभे राहा, कॅनडावाल्यांना हे पाणी सोसायचं नाही." त्यासरशी खिशातला फोन पुतण्याच्या हातात देऊन दिरांनी अंगावरच्या चांगल्या कपड्यांनिशी धप्पा मारला. वर आले तेव्हा डोळ्यांत रंग गेलेला, चष्मा रहाडीतच राहिलेला, आणि आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवत होती. माणूस एकच, पण कॅनडात "तिकडचे" म्हटलं तर हॉकी आणि नाशिकात "तिकडचे" म्हटलं तर रहाड. दोन्हीकडे आतून एकच जोर लागलेला होता : मी इथला आहे.

तो जोर तुम्हालाही येईल. मी लोकांना सांगते की तो आला की ओळखा, एवढं पुरे. त्याला लाजायचं कारण नाही. पण त्याच्या भरात मोठे निर्णय घेऊ नका. "बस्स झालं, परत जाऊ" हेही त्या संध्याकाळी ठरवू नका आणि "आता घरात फक्त इंग्रजी" हेही ठरवू नका. अशा संध्याकाळी घेतलेले निर्णय पुढे मुलांना निस्तरावे लागतात, हे मी जवळून पाहिलंय. आणि उत्तर द्यायचंच असेल तर दोन्ही ओळखी एका वाक्यात सांगा : "मी नाशिकचा, आणि आता किचनरचा." पुढे काही समजावत बसू नका. कुणी मुद्दाम हिणवलं, कामात त्यावरून डावललं, तर गोष्ट वेगळी. तिथे तारीख-वार लिहून ठेवा आणि तक्रार करा. ऑन्टॅरिओत मानवी हक्कांचा कायदा आहे आणि जन्मस्थान, वंश यांवरून नोकरीत भेदभाव करायला त्यात मनाई आहे.

नोकरीच्या मुलाखतीबद्दल एक गोष्ट सांगते, कारण त्यात आपली नाशिकची माणसं फार मागे पडतात. सातपूरला बरीच वर्षं उत्पादन विभाग सांभाळलेले एक गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. मी मुलाखतीसारखं विचारलं, "तुम्ही काय केलंत?" ते म्हणाले, "आमच्या लाइनचं रिजेक्शन निम्म्यावर आलं." मी विचारलं, "कुणी आणलं?" म्हणाले, "टीमने." मग "त्यात तुम्ही काय केलंत?" यावर बराच वेळ गप्प, मग हळूच, "फिक्श्चर बदलायची कल्पना माझी होती, पण असं कसं सांगायचं?" इथे ते सांगावंच लागतं. वॉटर्लू विद्यापीठात मायकेल रॉस आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये पाहिलं की चीनमध्ये जन्मलेले विद्यार्थी स्वतःबद्दल चिनीत लिहिताना इंग्रजीत लिहिणाऱ्यांपेक्षा समूहाबद्दल जास्त बोलतात. इंग्रजीत लिहिणाऱ्यांचं स्वतःबद्दलचं बोलणं जास्त चांगल्या गोष्टींकडे झुकलेलं होतं. म्हणून मी सांगते की मुलाखतीची तयारी मराठीत करून मग भाषांतर करू नका. पहिल्यापासून इंग्रजीत, मोठ्याने, उभं राहून करा. आणि मुलाखतीच्या दिवशी सकाळी आईंशी लांबलचक फोन टाळा, संध्याकाळी करा. त्यांच्याशी बोलून तुम्ही आज्ञाधारक मुलगा झालेले असता आणि त्या मूडमध्ये "ही कल्पना माझी" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. हे मी कामात वारंवार पाहिलंय.

मुलीचं. तुमचा सगळ्यात मोठा काळजीचा विषय तोच आहे आणि माझाही तोच होता.

घरात मराठी बोला. याबाबत माझ्या मनात किंतु नाही. ती शाळेत इंग्रजी शिकेलच, ती जबाबदारी शाळेने उचललेली आहे. मराठीची जबाबदारी फक्त तुम्हा दोघांवर आहे. दोन संस्कृती धरल्याने माणसाचं बिघडतं का, यावर ॲन्जेला-मिन्टू न्ग्वेन आणि बेनेट-मार्टिनेझ यांनी 2013 मध्ये 83 अभ्यास एकत्र तपासले. त्यात 23 हजारांहून जास्त माणसं होती. दोन्ही संस्कृतींशी नातं ठेवणं आणि मानसिक, सामाजिकदृष्ट्या नीट बसणं हे हातात हात घालून जाताना दिसलं. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या जॉन बेरी यांनी हेच आधी वेगळ्या तऱ्हेने मांडलं होतं : स्थलांतरित माणूस जुनं सोडून नवं धरतो, नवं टाळून जुनं धरतो, दोन्ही सोडतो किंवा दोन्ही धरतो. दोन्ही धरणाऱ्यांचं बहुधा सगळ्यात बरं चालतं आणि दोन्ही सुटलेल्यांचं सगळ्यात वाईट.

पण मुलगी काही दिवसांनी तुम्हाला इंग्रजीत उत्तर द्यायला लागेल. तुम्ही मराठीत विचाराल, "डबा खाल्लास का?" आणि ती म्हणेल, "येस." तिला रागावू नका. तुम्ही मराठीतच बोलत राहा. माझा मुलगा वॉटर्लूच्या घरात असाच बोलतो. पंचवटीत आजीकडे गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला मराठी फुटतं, आणि ते तिथल्याच लहेजात फुटतं. मिसळीच्या टेबलावर त्याने पोऱ्याला हाक मारून "दादा, तर्री वाढा ना अजून" म्हटलं तेव्हा मी नुसती बघत राहिले. इतकी वर्षं कानावर पडलेलं सगळं आत साठलेलं होतं. योग्य माणूस आणि योग्य जागा समोर आली आणि ते बाहेर आलं. म्हणून नाशिकच्या खेपा सोडू नका. तुमचं तिकिटाचं बजेट कुठल्या तरी एका गोष्टीवर ताणायचं असेल तर यावर ताणा. 2027 च्या सिंहस्थाला या, असं आजी-आजोबा आताच म्हणत असतील. गर्दीला घाबरत असाल तर सिंहस्थ टाळा, पण ते वर्ष टाळू नका.

ऑन्टॅरिओत एक सोय आहे, ती फार कुणाला माहीत नसते. 23 किंवा जास्त विद्यार्थ्यांच्या पालकांनी लेखी मागणी केली तर शाळा मंडळाला त्या भाषेचा वर्ग सुरू करावा लागतो. असे वर्ग सहसा शनिवारी किंवा शाळेनंतर असतात. आपल्या लोकांत मागणी करायचा कंटाळा असतो, भाषा मरते म्हणून हळहळायला मात्र सगळे पुढे. तुमच्या बायको शिक्षिका आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर इथे खूप काम आहे.

शाळेत कधीतरी "आपापल्या संस्कृतीचा दिवस" असेल. परकर-पोलकं घालून पाठवायच्या आधी तिला विचारा. दहा मुलं आपापलं काही आणणार असतील तर ती आनंदाने चकली घेऊन जाईल. वर्गात एकटीलाच उभं करून "आता ही आपल्याला भारताबद्दल सांगेल" असं होणार असेल, तर ती गोष्ट तिला नकोशी वाटू शकते. बाईंना तसं कळवायला संकोच करू नका, इथल्या शिक्षिका ऐकून घेतात. मुलांवर कुठली ओळख कधी पुढे केली जाते याचा परिणाम होतो, असं सांगणारा एक गाजलेला प्रयोग आहे. मार्गारेट शी, टॉड पिटिन्स्की आणि भारतात जन्मलेल्या नलिनी अंबाडी यांनी 1999 मध्ये अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या विद्यार्थिनींना गणित दिलं. आधी आशियाईपणाची आठवण दिलेल्यांना ते जास्त जमलं, मुलगी असण्याची आठवण दिलेल्यांना कमी जमलं. व्हँकूव्हरच्या शाळेत केल्यावर आशियाईपणाचा तसा फायदा दिसला नाही. 2014 मध्ये दोन गटांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा एकाला काही अटींवर तो परिणाम दिसला, दुसऱ्याला दिसलाच नाही. म्हणून मी त्यावर भार टाकत नाही. पण "आपण भारतीय, आपल्याला गणित यायलाच पाहिजे" हे वाक्य घरात वापरू नका, एवढं मी त्या प्रयोगाशिवायही सांगेन. ते कौतुक वाटतं, पण एका चुकलेल्या उत्तरात मुलाला आपलं भारतीयपणच चुकल्यासारखं वाटतं.

तिचं नाव शाळेच्या फॉर्मवर पूर्ण लिहा. वर्गात कुणी चुकीचं उच्चारलं तर हसतमुखाने दुरुस्त करायला शिकवून पाठवा, घरी दोन-चार वेळा सराव करून घ्या. तिला स्वतःहून काही सोपं नाव हवं वाटलं तर अडवू नका. पण ते नाव तुम्ही तिला देऊ नका.

पुढे नागरिकत्वाचा प्रश्न येईल. पाच वर्षांत 1,095 दिवस कॅनडात राहिलात की अर्ज करता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे शपथ घेतल्यावर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि हवं तर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड, घेता येतं. आमच्या ओळखीतली कितीतरी माणसं त्या दिवशी रडली आहेत, आणि तेच लोक संध्याकाळी केक कापताना मनापासून हसत होते. त्या दिवशी एक कागद सरळ एका ओळखीवर बोट ठेवतो, तेव्हा असं होणारच. तो दिवस कामाच्या गडबडीत उरकू नका. सुट्टी काढा, नाशिकला व्हिडिओ कॉल लावा, आईंना शपथविधी बघू द्या. कॅनडाचं बहुसांस्कृतिक धोरण 1971 पासूनचं आहे, 1988 मध्ये त्याचा कायदाही झाला, त्यामुळे इथे शपथ घेताना मराठीपण बाजूला ठेवायला कुणी सांगत नाही. घरच्यांनीही सांगू नये, म्हणून त्यांना त्यात आधीपासून सामील करून घ्या.

आईंशी बोलताना "आम्ही बदलणार नाही" असं वचन देऊ नका. तुम्ही बदलाल, आणि मग प्रत्येक बदल त्यांना वचनभंग वाटेल. त्यापेक्षा इथे आल्यावर त्यांना तुमच्या नव्या गोष्टी सांगत राहा. शेजारी कोण आहे, त्याची आई कशी आहे, ग्रँड नदीला पाणी किती आलं, मुलीने बर्फात काय केलं. ज्या गोष्टी त्यांना माहीत असतील त्या त्यांना परक्या वाटणार नाहीत. आणि नाशिकला गेल्यावर कुणी "आता तुम्हाला आपलं काही आवडत नसेल" म्हणालं, तर वाद न घालता म्हणा, "आवडतं, वाढा."

घर कुठल्या भागात मिळालं ते कळलं की सांगा. तिथली शाळा, जवळची मराठी कुटुंबं आणि शनिवारच्या वर्गासाठी अजून किती पालक लागतील, ते सगळं विचारून ठेवते.